सतराशेवर अडलेला काटा

सोमवार, २

आज चारचौघांसमोर माझ्या लाँचला ‘म्हातारी’ म्हटलं गेलं. म्हणणाऱ्याच्या तोंडात तेव्हा बिस्किट होतं, आणि ते बिस्किटही माझंच होतं.

परवान्याच्या नूतनीकरणाची चाचणी होती. नियम असा, की साठ उतारू भरून, ओहोटीच्या धारेविरुद्ध, आपल्या धक्क्यापासून पलीकडच्या धक्क्यापर्यंत वीस मिनिटांत पोचायचं. आम्हाला सव्वीस लागली. सर्व्हेअरने घड्याळ झटकलं, कानाला लावलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, “मालक, म्हातारी झाली हो तुमची लाँच.”

मी म्हणालो, “साहेब, म्हातारी असती तर बसली असती. ही धावतेय, पण कोणीतरी मागून पदर धरल्यासारखी.”

“पदर कोणी धरलाय ते शोधा,” तो म्हणाला, आणि दुसरं बिस्किट घेतलं.

दुसरी चाचणी गुरुवारी, २६ला. तीत नापास झालो तर ही वाट कंपनीच्या पांढऱ्या बोटीला मिळेल. ती आत्तापासूनच धक्क्याला येऊन उभी आहे. रोज पुसतात तिला. चौदाव्या वर्षी मी या धक्क्यावर दोर फेकायला लागलो, पुढे सुकाणू धरलं, पुढे ही लाँच घेतली. दुसरं काही मला येत नाही. उद्या ही वाट गेली तर मी सकाळी उठून जायचं कुठे?

दुखणं असं आहे. लाँच धक्क्याला बांधलेली असताना इंजिन मोकळं फिरवलं की त्याचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा सरळ बावीसशेवर जातो, हूं की चूं नाही. गिअर टाकला, तळाचा पंखा पाणी कापायला लागला, की सतराशेवर अडतो. लिव्हर कितीही पुढे दाबा, काटा तिथेच आणि मागे काळा धूर.

सर्व्हेअरला दिवसभरात एकच गोष्ट आवडली. बाकांखालची कपाटं. नव्या नियमाप्रमाणे ऐंशी लाइफ जॅकेटं ठेवायची होती. जागा कुठून आणू? मी गेल्या महिन्यात दोन्ही बाजूंच्या बाकांखाली प्लायवूड ठोकून घेतलं आणि जॅकेटं आत गच्च भरली. एक इंच वाया नाही. “डोकं चालवलंत,” म्हणाला. मग, चालवलंच आहे.

बुधवार, ४

दोन दिवसांत मी काय काय केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मालक नुसता आरडाओरडा करत बसला.

डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलले. टाकीच्या तळाचं पाणी काढलं. निघालं एक वाटीभर, ते नेहमीच निघतं. ओहोटीला लाँच वाळूवर घेतली, खाली आडवा पडून पंखा बघितला. स्वच्छ. तळाला एक शिंपलाही नाही, मागच्याच महिन्यात खरवडलाय. माझ्या पाठीला मात्र ओली वाळू, आणि वर धक्क्यावर पांढऱ्या बोटीचा कप्तान हात मागे बांधून उभा, प्रदर्शन बघितल्यासारखा.

मग राहिलं काय? डिझेल!

डिझेलवाल्या शेठला धक्क्यावर सगळे डबलडेकर म्हणतात. माणूस तेवढा आहे. मी सरळ गेलो आणि म्हणालो, “शेठ, काय मिसळता?”

“सकाळी सकाळी भांग घेतली का?”

“माझी लाँच धूर सोडतेय.”

“मीही सोडतो. माझंही वय झालंय. मी कोणाला दोष देत नाही.”

“हसण्यावारी नेऊ नका. तक्रार करीन.”

“कर,” तो म्हणाला. “वीस वर्षं माझ्याकडून डिझेल घेतोस. वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंस, तेही ‘काय मिसळता’. ‘मिसळता का’ असं तरी विचारायचं होतंस!”

त्याच्या हसण्याचा मला इतका संताप आला की घरी येऊन दोन पानी तक्रार लिहिली आणि सर्व्हेअरच्या कचेरीत स्वतः नेऊन दिली. शिक्का मारून पोच घेतली. सोडतोय का काय!

रविवार, ८

डिझेल दुसऱ्या पंपावरून, डब्यांतून वाहून आणलं. काटा सतराशे. शेठचं डिझेल आधी टाकीत मुरलेलं असणार, त्याचा परिणाम लगेच कसा जाईल?

दुपारी हिने मध्येच विचारलं, “धूर काळा येतो की पांढरा?”

ही, म्हणजे बायको, लाँचवरच तिकिटाच्या खिडकीत बसते. बावीस वर्षं बसते आहे. पण धुराच्या रंगाची चौकशी कधी केल्याचं मला आठवत नाही.

“काळा. दिसत नाही का?”

“मला पाठमोरं बसून कसा दिसणार? काळा असेल तर डिझेल कमी पडत नाहीये. डिझेल पुरतंय, ते जळायला हवा पुरत नाहीये.”

मी म्हणालो, “तू तिकिटं फाड.” पण मनात म्हटलं, बाई तयार झाली! इंजिनाच्या आवाजात बावीस वर्षं काढली की भिंतीलासुद्धा अक्कल येते.

तिसऱ्या बाकावरच्या दोघी आज कुजबुजत होत्या. त्यांना वाटतं, इंजिनाच्या आवाजात मालकाला काय ऐकू येणार. माझे कान तिखट आहेत. एक म्हणाली, “धाकटा होता तोवर ही लाँच कशी सुसाट जायची.” मी मुद्दाम वळण जरा जोरात घेतलं. दोघींच्या पिशव्या घसरल्या.

धाकट्याबद्दल या वहीत मी लिहीत नाही. पण एकदा लिहून टाकतो. सात वर्षांपूर्वी लाँच वाळूच्या पट्टीवर चढली. कोणाला खरचटलंही नाही. एका बाईंची चप्पल वाहून गेली, तेवढंच. चौकशी झाली. मी सांगितलं, ऐन वेळी इंजिनाने दगा दिला. इंजिनावर तो होता. माझा सख्खा भाऊ, माझ्या हाताखाली काम शिकलेला. त्याने साहेबांसमोर उभं राहून सांगितलं, “इंजिन ठणठणीत होतं. दादाने वळण आतून घेतलं.” तीन महिने परवाना बंद! त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही. वळण आतून घेतलं होतं की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न असा, की ते भावाने सांगायचं का?

त्याचं आता पलीकडच्या धक्क्यावर वर्कशॉप आहे, शिंपिणीच्या दुकानाला लागून. ही दुपारच्या फेरीला पलीकडे उतरते, शिंपिणीकडे जाते, पुढच्या फेरीला परत येते. बिचारीला रोज त्या वर्कशॉपवरून जावं लागतं. हिचं शिवणकाम काही संपत नाही. एका बाईला एवढं काय शिवायला लागतं, आणि शिवलेलं जातं कुठे, हे मला कळलेलं नाही.

बुधवार, ११

आज इंजिनाने माझं नाक कापलं.

इंजिनाच्या कंपनीचा मेकॅनिक बोलावला होता, शहरातून. कडक इस्त्रीचा शर्ट. आमचा खलाशी, ज्याला आम्ही मौनी म्हणतो कारण तो दिवसाला चार शब्द बोलतो, त्याने चारांपैकी दोन तिथेच खर्च केले: “इस्त्रीसाहेब आले.”

इस्त्रीसाहेबांनी इंजिनाचं झाकण काढायला लावलं. हे झाकण बाकांच्या मधल्या वाटेत आहे, चांगलं दार एवढं. ते उघडून कडेला ठेवलं, इस्त्रीसाहेब काठावर रुमाल टाकून बसले आणि म्हणाले, “चला, न्या भर पाण्यात.” उतारू नव्हते, म्हणून मी वाळूची पोती भरून घेतली होती. चाचणी म्हणजे चाचणी.

भर पाण्यात गेलो, लिव्हर पुढे दाबली. सतराशे. अठराशे. दोन हजार. बावीसशे!

काळा धूर नाही. पदर धरल्याची भावना नाही. लाँच अशी निघाली, जशी नवी असताना निघायची.

इस्त्रीसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“काय तक्रार होती म्हणालात?”

“काल सतराशेवर अडत होतं.”

“काल.”

“आज सकाळीसुद्धा!”

“मग मला बघून घाबरलं असेल,” ते म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. तरी जाताना सांगून गेलेच, की इंजिन जुनं आहे, पंप बदलून टाका, निदान मनाला समाधान. दुखणं नाही तरी ऑपरेशन करा!

इंजिनाशी मी बोलत नाही, तेवढा खुळा मी नाही. पण आज लाँच बांधताना म्हणालोच, “लाज वाटते का?”

गुरुवार, १२

झाकण लावलं, उतारू भरले, पहिली फेरी. सतराशे.

मला शब्द सुचत नाहीत.

शुक्रवार, १३

शब्द सुचले, पण ते वहीत लिहिण्यासारखे नाहीत.

दुपारी ही शिंपिणीकडून परत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “अहो, परवा ते इस्त्रीवाले आले तेव्हा झाकण उघडं होतं ना?”

“मग बंद ठेवून ते काय झाकण तपासणार होते?”

“म्हणजे उघडं असताना बावीसशे. बंद असताना सतराशे.”

मी मौनीला हाक मारली. रिकामी लाँच पुन्हा पोती घालून भर पाण्यात नेली. झाकण बंद: सतराशे, धूर. “उघड!” मौनीने उघडलं. काटा चढत चढत बावीसशे, धूर बंद. “लाव!” लावलं. सतराशे. दहा वेळा केलं. दहाव्या वेळी मौनी म्हणाला, “हात दुखतात.” त्याचा दिवसाचा कोटा संपला.

इंजिन गुदमरत होतं! माणसाच्या तोंडावर उशी दाबायची आणि वर विचारायचं, धावत का नाहीस? मोकळं फिरताना त्याला थोडी हवा पुरते. भार पडला की जास्त लागते, आणि ती मिळत नव्हती.

मी हिच्या पाठीवर थाप मारणार होतो, पण उतारू बघत होते. म्हणालो, “तुझ्यासारखी बाई इस्त्रीवाल्यांच्या कंपनीत मोठी साहेब झाली असती.”

ही म्हणाली, “सुचलं खरं.” आणि तिकिटं मोजायला लागली. जास्त कौतुक हिला सोसत नाही.

सोमवार, १६

झाकण उघडं टाकून उतारू नेता येत नाहीत, कोणीतरी आत जाईल. मग इंजिनाला हवा यायची कुठून? आणि इतकी वर्षं येत होती ती कुठून? शनिवार-रविवार याच विचारात गेला.

आज ही म्हणाली, “गेल्या दोन महिन्यांत लाँचमध्ये काय काय बदललं, त्याची यादी करा.”

मी चिडून बोटं मोडली. “नवा दोर. तिकिटाच्या खिडकीची काच. भोंगा. बाकांखालची कपाटं.”

“कपाटांच्या मागे काय आहे?”

कपाटांच्या मागे काय आहे ते मला माहीत आहे.

हे इंजिन बसवलं तेव्हा त्याने, म्हणजे धाकट्याने, बाकांखालून हवेच्या आठ जाळ्या पाडल्या होत्या. चार डावीकडे, चार उजवीकडे. मी तेव्हाही म्हणालो होतो, एवढ्या कशाला? लाँचच्या नकाशात दाखवून, साहेबांची सही घेऊन पाडल्या होत्या. प्रत्येक गोष्ट साहेबांना सांगायची त्याला पहिल्यापासून खोडच.

प्लायवूड ठोकताना मिस्त्रीने मला विचारलं होतं, “मालक, इथे जाळ्या आहेत. मोकळ्या ठेवू?” मी काय म्हणालो ते लिहायची माझी इच्छा नाही. “उंदीर येतात, बुजव,” म्हणालो. उंदीर मी कधी बघितलेला नाही. कोणी म्हणेल, त्याने पाडल्या होत्या म्हणून बुजवल्या. म्हणणाऱ्याने म्हणावं.

मिस्त्रीला बोलावून झाप झाप झापला. “मी मूर्खासारखं सांगितलं आणि तू मूर्खासारखं ऐकलंस?”

मिस्त्री म्हणाला, “मालक, तुमच्या बोलण्यातलं कुठलं ऐकायचं आणि कुठलं नाही, ते एकदा कागदावर लिहून द्या.”

संध्याकाळपर्यंत प्लायवूड उचकटलं. जॅकेटं टपावर बांधली. आठही जाळ्यांतून वाऱ्याची झुळूक आत गेलेली माझ्या हाताला लागली. झाकण बंद करून भर पाण्यात गेलो. बावीसशे.

मंगळवार, १७

सुटलो, असं वाटलं होतं. कुठलं!

सकाळी डिझेलवाल्याच्या पंपाला सील लागलेलं दिसलं. लाल लाखेचा गोळा, त्यावर शिक्का. शेठ बाहेर स्टुलावर बसला होता. एवढा मोठा माणूस एवढ्याशा स्टुलावर. माझ्याकडे बघून हसला नाही. मला सवय नाही त्याची.

माझीच दोन पानी तक्रार. नमुना तपासायला गेलाय, अहवाल येईपर्यंत विक्री बंद. महिना-दोन महिने.

मी तसाच पुढे गेलो. मागे त्याचा आवाज आला, कोणाशी तरी बोलत होता, मुद्दाम मोठ्याने नाही: “वीस वर्षांचा माणूस आहे तो. मला विचारून गेला असता तर मीच त्याच्या टाकीत उतरलो असतो.”

हे तिखट कान कधीकधी नको वाटतात.

घरी आलो, हिला म्हणालो, “चाचणी होऊ दे. पास झालो की तक्रार मागे घेतो. आत्ता घेतली तर सर्व्हेअर विचारणार, मग दोष कशात होता? सांगितलं की जाळ्या मीच बुजवल्या, तर म्हणणार, नकाशात विनापरवाना फेरफार केला. त्यावर तो उभ्या उभ्या परवाना काढून घेऊ शकतो.”

ही भांडी घासत होती. म्हणाली, “बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं. शेठ बसेल नऊ दिवस स्टुलावर. त्याला कुठे परवाना लागतो.”

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

बुधवार, १८

मी मुळातच तापट आहे हे मला मान्य आहे. पण आज ज्याच्यावर तापावं असा कोणी सापडेना, ही फार वाईट अवस्था आहे. शेठ? तो स्टुलावर. मिस्त्री? त्याने विचारलं होतं. इंजिन? ते बिचारं नाक-तोंड दाबलेलं. इस्त्रीसाहेब? त्यांच्यावर थोडा वेळ तापलो, पण पुरलं नाही.

दुपारची फेरी मौनीच्या हातात देऊन कचेरीत गेलो. सर्व्हेअरला म्हणालो, “तक्रार मागे. डिझेल चांगलं आहे. हवेच्या आठ जाळ्या मी बुजवल्या होत्या. त्या मोकळ्या केल्यात. सील आज काढा.”

त्याने चष्मा काढला. “हे लेखी देणार?”

“देणार म्हणूनच आलोय. कागद द्या लवकर, नाहीतर मी बदलेन.”

लिहिलं. ‘दोष माझा’ हे दोन शब्द लिहायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दोन पानी तक्रार लिहून झाली होती. आणि खरं बोलल्याचं बक्षीस काय? त्याने नियमाचं पुस्तक उघडलं. फेरफार विनापरवाना झालेला; जाळ्या नकाशाबरहुकूम आहेत असा नोंदणीकृत मेकॅनिकचा दाखला २५च्या आत आणला नाही तर चाचणीच रद्द.

“शहरातल्या मेकॅनिकसाहेबांना फोन करतो,” मी म्हणालो.

“ते दोन तारखेपर्यंत रजेवर. या दोन धक्क्यांत नोंदणीकृत मेकॅनिक एकच आहे.” आणि पुस्तकात बघत म्हणाला, “तुमच्या ओळखीचाच असेल.”

हसू दाबत होता! सरकारी माणूस, कामाच्या वेळी!

रविवार, २२

चार दिवस विचार केला. चौथ्या दिवशी विचार करण्यासारखं काही उरलं नाही.

पलीकडच्या धक्क्याला उतरलो. शिंपिणीचं दुकान बंद. दाराला कुलूप, कुलपावर गंज. रविवार असेल म्हणून.

वर्कशॉपमध्ये तो इंजिनाच्या खाली झोपून काम करत होता. पायांवरून ओळखला. मी म्हणालो, “दाखला पाहिजे.”

पाय हलले नाहीत. “कशाचा?”

“आठ जाळ्यांचा.”

“इंजिनात दोष होता?”

“नव्हता.”

“मग?”

“मी बुजवल्या होत्या.”

तो बाहेर आला. केस पिकलेत. माझे पिकले ते ठीक आहे, याचे पिकायचं काय कारण? कपाटातून त्याने कोरा दाखला काढला आणि म्हणाला, “न मोजता सही करत नाही. भावाच्या लाँचवर तर नाहीच.”

“मी कुठे म्हणालो कर म्हणून?”

“उद्या सकाळी येतो.”

“ये. माप घे आणि जा.”

सात वर्षांनी एवढंच बोलणं झालं. बरंच झालं.

सोमवार, २३

तो आला. फूटपट्टी घेऊन बाकांखाली सरपटत आठही जाळ्या मोजल्या. ही खिडकीत बसून नदीकडे बघत होती. नदीत काहीही नव्हतं.

आठवी जाळी मोजून तो म्हणाला, “वहिनी, ही तुम्ही सांगितल्यापेक्षा अर्धा इंच कमी भरते. कडेला प्लायवूडची चीप राहिलीय.”

मौनीने दोर खाली ठेवला आणि पाठ फिरवली. तो पाठ फिरवतो याचा अर्थ त्यालाही माहीत होतं.

मी हिच्याकडे बघितलं. काळा धूर. झाकण. यादी करा. सगळं एकदम माझ्या डोक्यात फिरलं.

“किती दिवस चाललंय हे?”

“काय?”

“शिवणकाम!”

“शिंपीण चार वर्षांपूर्वी लेकीकडे राहायला गेली,” ही शांतपणे म्हणाली. “त्याच्याआधीची तीन धरली तर सात.”

“सात वर्षं?”

“मग इंजिन सात वर्षं कशावर चाललं असं वाटलं तुम्हाला? तुमच्या रागावर?”

मी त्याच्याकडे वळलो. तो चीप काढत होता. मान वर न करता म्हणाला, “माझ्याकडे बघू नकोस. वहिनी तिकिटाच्या पाठीवर लिहून आणायच्या, मी खाली उत्तर लिहायचो.”

“माझ्या लाँचच्या तिकिटांवर?”

“कोरा कागद मी दिला असता, त्यांनी मागितला नाही.”

त्याने दाखल्यावर सही केली. मी तो खिशात घातला. दिवसभर तिघांपैकी कोणाशीही बोललो नाही.

मंगळवार, २४

जुन्या वह्या काढल्या. सातही वर्षांच्या.

पांढरा धूर आला होता ते वर्ष: ‘ही म्हणाली, पाणी आत गळत असेल का. माझ्या लक्षात आलं की गॅस्केट गेलंय.’ इंजिन सकाळी सुरू होत नव्हतं ते वर्ष: ‘ही सहज म्हणाली, नळीत हवा धरली असेल. मी तात्काळ ओळखलं.’ असं चौतीस ठिकाणी. चौतीस वेळा एका ओळीत ‘ही म्हणाली’ आणि पुढच्याच ओळीत ‘माझ्या लक्षात आलं’. अक्षर माझंच आहे.

मला सात वर्षं फसवलं गेलं. माझ्याच बायकोने, माझ्याच भावाने, माझ्याच तिकिटांवर. याचा मला भयंकर राग आला आहे आणि तो मी सोडणार नाही.

एक गोष्ट मात्र कळत नाही. चौतीस वेळा तो उत्तर देत राहिला. एकदा चुकीचं दिलं असतं, तरी पुरलं असतं.

गुरुवार, २६

साठ उतारू हवे होते. सकाळच्या फेरीचे छप्पन भरले. चार कमी. पांढऱ्या बोटीचा कप्तान घड्याळ बघून हसत होता. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या दोघी धावत आल्या. मागून डिझेलवाला शेठ. त्याच्या पंपाचं सील शनिवारी निघालंय; माझ्याशी तो बोलत नाही, ते बरोबरच आहे. लाँच एका बाजूला कलली तेव्हा सर्व्हेअरला म्हणाला, “मला दोन माणसं धरा. आणि हा बुडवणार असेल तर मला जवळून बघायचंय.”

साठ झाले.

इंजिनावर कोण, या रकान्यात सर्व्हेअरने माझ्याकडे बघून पेन धरलं. मी काही बोलायच्या आत धाकटा झाकण उचलून आत उतरला होता. मी म्हणालो, “उतरलाय तो.”

झाकण बंद. ओहोटी जोरात. लिव्हर पुढे दाबली. सतराशे आले. काटा तिथे जरा थांबला, की मला वाटलं, माहीत नाही. मग अठराशे, दोन हजार, बावीसशे. काळा धूर नाही. शेठ म्हणाला, “डिझेल चांगलं दिसतंय,” आणि आख्खा बाक हसला. मी हसलो नाही. माझं लक्ष सुकाणूवर होतं.

वाळूच्या पट्टीचं वळण बाहेरून घेतलं. एक मिनिट जास्त गेलं.

एकोणीस मिनिटं. सर्व्हेअरने घड्याळ झटकलं नाही. सही केली.

सगळे उतरल्यावर मी झाकणापाशी गेलो. तो आत हात पुसत होता. मला फार बोलायचं होतं, सात वर्षांचं, क्रमवार. तोंडातून निघालं ते एवढंच:

“यापुढे चिठ्ठी माझ्याकडे द्यायची. सरळ.”

“वाचशील?”

“शिव्या घालीन.”

“ते नाही विचारलं.”

“वाचीन.”

त्याने खिशातून तिकीट काढलं, त्याच्या पाठीवर दोन ओळी खरडल्या आणि वर हात करून दिलं. अजूनही माझीच तिकिटं! लिहिलं होतं: ‘पाण्याच्या पंपाचा पट्टा झिजलाय. आठवडा टिकेल.’

आठवडा! मी तिथेच कान लावून ऐकला तो पट्टा. माझ्या कानांनी सांगतो, महिना आरामात जाईल. याला प्रत्येक गोष्टीत घाई.

नवा पट्टा आणून ठेवलाय. उद्या पहिल्या फेरीआधी बदलायचा आहे. साडेपाचला ये म्हणालोय त्याला.